‘भ’चा टेकू

लोकांना बोलतं करण्यात जिचं अर्धं आयुष्य गेलं, त्या बाईला रविवारची सुट्टी मोडून गप्प बसायचं प्रशिक्षण घ्यायला जावं लागणं ही थट्टाच होती, आणि बेबीला ती मुळीच रुचली नव्हती. पण परवान्याचं नूतनीकरण तोंडावर आलं होतं. स्पीच थेरपिस्टला परवाना चालू ठेवायचा तर अधूनमधून प्रशिक्षणं करून पॉइंट जमवावे लागतात, आणि बेबीचे पॉइंट कमी पडत होते. यंदाचं वर्ष घरात असं काही गेलं होतं की पॉइंटांची आठवण ठेवायला डोकं जागेवर नव्हतं.

बेबी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. पन्नाशी गाठलेल्या, चष्मा दोरीला अडकवून फिरणाऱ्या बाईला परका कोण बेबी म्हणेल? घरचे म्हणत. बाबा म्हणत, भाऊ म्हणायचा, आणि वहिनीने लग्न होऊन आल्या आल्या तेच उचललं. दवाखान्यात मात्र ती मॅडम होती, आणि साधीसुधी मॅडम नव्हे. मेंदूत रक्ताची गाठ होऊन ज्यांची वाचा जाते, त्यांना पुन्हा बोलतं करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

तिचं हत्यार एकच. त्याला ती टेकू म्हणायची. माणसाला पाणी हवं असतं, पाणी समोर दिसत असतं, पण शब्द ओठांपर्यंत येऊन अडतो. अशा वेळी आपण नुसतं ‘पा’ म्हणायचं, ओठ तसे करून दाखवायचे, की पुष्कळदा अडलेला शब्द घरंगळत बाहेर येतो. सगळेच थेरपिस्ट हे करतात. पण बेबीचा टेकू इतका चपळ, की पेशंटने तोंड उघडायचा अवकाश, अक्षर हजर. शिकाऊ मुली तिचं काम बघायला मुद्दाम येऊन बसत. “मॅडमना मनातलं ऐकू येतं,” असं त्या आपसात म्हणत. हे बेबीच्या कानावर आलं होतं, आणि तिने ते खोडून काढलं नव्हतं.

मग तिच्याच वडिलांना झटका आला.

बाबा सुतार. घराखालीच त्यांचा कारखाना होता, आणि हात थरथरायला लागल्यावर त्यांनी तो मुलाच्या, म्हणजे सगळ्या घराच्या भाऊच्या, ताब्यात दिला होता. दिला म्हणजे काय, रोज सकाळी खाली जाऊन स्टुलावर बसायचे आणि भाऊच्या प्रत्येक जोडात खोट काढायचे. भाऊ हसायचा, म्हणायचा, “बाबा, तुम्ही घरी बसलात तर मी दुप्पट काम करेन.” बाबा घरी बसले नाहीत. शेवटी झटक्याने त्यांना बसवलं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि बोलणं गेलं. समजत होतं सगळं, निदान बरंचसं. पण शब्द निघत नव्हता.

बाबा अतिदक्षता विभागात असताना भाऊने घर, कारखाना आणि दवाखाना असं तिन्हीकडे स्वतःला वाटून घेतलं होतं. झोप नाही, जेवणाचा पत्ता नाही. एका सकाळी फळीवर रंधा मारता मारता तो खाली बसला आणि पुन्हा उठला नाही. एकाच आठवड्यात बेबी दवाखान्यातून स्मशानात आणि स्मशानातून पुन्हा दवाखान्यात गेली. बाबांच्या डॉक्टरांनी बजावलं, आत्ता यांना धक्का सोसायचा नाही. तेव्हा बेबीने आणि वहिनीने ठरवलं, सांगायचं नाही. थोडे सावरले की सांगू.

बाबा घरी आले त्या दिवशी बेबीने त्यांच्या खुर्चीशी बसून, तोंडभर हसून सांगितलं, “भाऊ बाहेरगावी गेलाय बाबा. मोठं काम मिळालंय. एका शाळेची सगळी बाकं करायची आहेत.” बाबांनी मान हलवली. वहिनी तोवर न्हाणीघरात होती. रडायचं असलं की ती तिथे जाऊन नळ सोडायची. त्या वर्षी त्या घरात पाणी फार वाया गेलं.

थोडे सावरले की सांगू, हे वाक्य फार वाईट. ते एकदा म्हटलं की सावरण्याची व्याख्या रोज पुढे सरकते. बाबा काठी धरून उभे राहिले, तेव्हा बेबी म्हणाली, चालू तर देत. चालले, तेव्हा म्हणाली, बोलू तर देत. खाली कारखान्याचं शटर ओढलेलं ते ओढलेलंच. करवतीचा आवाज थांबला होता, आणि ज्या घरात तो जन्मभर ऐकलेला, त्या घरात ती शांतता कानाला टोचायची.

वहिनीला वेगळंच शल्य होतं. एकदा कपड्यांच्या घड्या घालताना ती म्हणाली, “बेबी, एक बोलू का? बाबांनी ह्यांचं एकदासुद्धा विचारलं नाही गं.”

“बोलता येत नाहीये त्यांना, वहिनी.”

“बोलता नाही येत, कबूल. पण खूण? फोटोकडे बोट? सख्खा मुलगा, आणि इतक्या दिवसांत काही नाही? खाण्यापिण्याचं तेवढं बरं सुचतं.”

बेबीने मग तिला समजावून सांगितलं. या आजाराला वाचाघात म्हणतात, यात माणसांची नावं सगळ्यात आधी निसटतात. कधी कधी माणसंही निसटतात, आपल्या हातात काही नसतं. सगळं पुस्तकात असल्यासारखं बरोबर सांगितलं. वहिनीने घडी घातलेला सदरा पुन्हा उलगडला आणि पुन्हा घातला. “असेल बाई,” म्हणाली. पण तेव्हापासून बाबांसमोर ताट ठेवताना ते जरा जास्त आवाज करायचं.

खाण्याचं सुचतं, हे मात्र खरं होतं. परत यायला लागलेला बाबांचा पहिला आवाज ‘भ’ होता. दिवसातून कितीदा तरी ते मान वर करत, डावा हात उचलत आणि म्हणत, “भ...” की बेबी जिथे असेल तिथून धावायची, ओठांचा चंबू करायची आणि टेकू द्यायची, “भू... भूक! भूक लागली ना बाबा?” बाबा मान हलवत. आडवी. पण या आजारात हो आणि नाहीची गल्लत होते, मनात हो असतं आणि मान नाही म्हणते, हे बेबी कित्येक नातेवाइकांना समजावत आली होती. तेव्हा बाबांची आडवी मान तिने उभी धरली. वाटी यायची, चमचा यायचा. बाबा काही वेळ तिच्याकडे बघत राहायचे आणि मग तोंड उघडायचे. दुसरं करणार काय?

बाबांना चांगलं बाळसं आलं. गाल भरले. बघायला येणारे म्हणत, मुलीने बापाचं सोनं केलं. बेबीलाही ते पटत होतं.

प्रशिक्षणाचा हॉल एका महाविद्यालयाचा होता. मागच्या भिंतीशी मोडक्या खुर्च्या रचलेल्या, पुढे पडदा, दाराशी कागदी कपांतला चहा. गळ्यात नावाची पट्टी घालून सगळे थेरपिस्ट एकमेकांना, “काय, पॉइंट गोळा करायला का?” असं विचारत होते, आणि हसत होते. विषय होता, थेरपिस्टने थांबावं कसं. बेबी मागच्या रांगेत बसली. सही करायची, चहा प्यायचा, सर्टिफिकेट घ्यायचं, सुटायचं, असा तिचा बेत होता.

शिकवणारे सर सडपातळ, हळू बोलणारे, निवृत्तीला आलेले गृहस्थ. सगळ्यांना त्यांनी आपापल्या कामाचं छोटं रेकॉर्डिंग आणायला सांगितलं होतं, पेशंटच्या संमतीने. दवाखान्यातल्या कोणाला विचारायचं राहून गेलं म्हणून बेबीने बाबांचंच आणलं होतं. वहिनीने फोन धरला होता. संमती विचारली तेव्हा बाबांनी मान हलवली होती, उभी, आणि ती मान होकाराची आहे हे बेबीने बिनदिक्कत धरलं होतं. तिथे कसली गल्लत नव्हती.

दोन-तीन जणांची रेकॉर्डिंगं झाली. सर प्रत्येक वेळी एकच विचारत, “पेशंट थांबल्यावर तुम्ही किती थांबलात?” आणि उत्तर प्रत्येक वेळी तेच निघत होतं. कोणीच थांबलेलं नव्हतं. हॉलमध्ये खजील हशा पिकत होता. बेबी हसत नव्हती. गप्प बसायला काय अक्कल लागते, असं तिच्या मनात चाललं होतं. तिने मनातल्या मनात सरांना नापास केलं होतं.

मग तिचा नंबर आला. पडद्यावर बाबांचा चेहरा भिंतीएवढा झाला. बाबा मान वर करतात, “भ...” आणि पडद्यावरची बेबी झेप घेते, “भू... भूक!” बाबा “भू...क” म्हणतात. तिच्या तोंडून ऐकून तिला परत दिल्यासारखं. बेबी टाळी वाजवते. चमचा येतो.

“टेकू सुरेख आहे,” सर म्हणाले. हॉलमधल्या काही जणी माना डोलावत होत्या. बेबी सैलावली. “आता आवाज बंद करून बघू या. नुसतं तोंड बघायचं. पेशंटचं.”

आवाज बंद झाला. भिंतीएवढ्या बाबांनी मान वर केली. ओठ मिटले, ‘भ’साठी मिटावेत तसे, आणि उघडले. जबडा खाली आला, तोंड मोठं झालं. तेवढ्यात पडद्याच्या कडेने बेबीचा चंबू केलेला चेहरा आत घुसला. सरांनी चित्र तिथेच थांबवलं.

एका बाजूला बाबांचं आ वासलेलं तोंड, दुसऱ्या बाजूला तिचे आवळलेले ओठ. ‘भू’ म्हणणाऱ्या माणसाचं तोंड असं उघडत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलीलाही हे दिसलं असतं. बेबीने उभ्या आयुष्यात दुसरं काही पाहिलं नव्हतं, फक्त तोंडं पाहिली होती, आणि घरातलं एक तोंड रोज तिच्या डोळ्यांसमोर उघडत होतं.

“हा ‘भू’ नाहीये,” पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली. “‘भा’ आहे.”

“बरोबर,” सर म्हणाले. “आणि आता मान बघा.” चित्र पुढे सरकलं. बाबा मान आडवी हलवत होते. एकदा, आणि चमचा जवळ आल्यावर पुन्हा. “हे नाही म्हणताहेत, मॅडम.”

“हो-नाहीची गल्लत आहे त्यांची,” बेबी म्हणाली. आवाज तिचाच होता, पण बारीक झाला होता.

“असेल. तपासलीत?”

तपासायला काही लागत नाही. ज्यांची उत्तरं आपल्याला ठाऊक आहेत असे साधे प्रश्न विचारायचे आणि मान बघायची. बेबी हे शिकाऊ मुलींना पहिल्या दिवशी शिकवायची. पेशंट दवाखान्यात आला की आधी हे. पण बाबा तिच्याकडे पेशंट म्हणून आले नव्हते, बाबा घरी होते. घरच्या माणसाचं तपासायचं काय, ते आपल्याला माहीतच असतं.

“नाही तपासली,” बेबी म्हणाली.

सर काही लागट बोलले नाहीत. उलट हॉलकडे वळून म्हणाले, “चला, ‘भा’वरून काय काय असू शकतं?” आणि सगळ्यांना चेव चढला. भांडं, भाडं, भाषण. “माझा नवरा असता तर भांडण!” असं कोणीतरी म्हणालं आणि हशा झाला. खिडकीशी बसलेली एक बाई म्हणाली, “भाऊ असेल. तुमच्या घरात कोणाला भाऊ म्हणतात का हो?”

बेबीला खोटं बोलता आलं असतं. इतके महिने बोलतच होती.

“म्हणतात,” ती म्हणाली.

“मग झालं तर!” सरांचा चेहरा उजळला. “बघा, शब्द त्यांच्याकडे पहिल्यापासून होता. आज घरी गेलात की त्यांची आणि भाऊंची गाठ घालून द्या. तुमच्या वडिलांचं निम्मं दुखणं पळेल.”

आणि हॉलने टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, एका म्हाताऱ्या माणसाचा शब्द सापडला म्हणून. बेबी उभी राहिली, हात जोडले, थँक्यू म्हणाली आणि खाली बसली.

प्रशिक्षण संपेपर्यंत ती थांबली. सर्टिफिकेट घेतलं. अभिप्राय लिहिताना सगळ्या रकान्यांत ‘उत्तम’ लिहिलं. शिपाई खुर्च्या उचलायला लागला तेव्हा तिनेही दोन-चार उचलल्या. इतकी वर्षं कुठूनही घरी धावत सुटणारी ही बाई, आज तिचे पाय निघत नव्हते. घरी पोचलं की एक प्रश्न समोर बसलेला असणार होता, आणि तो काही आजचा नव्हता. महिनोन्महिने तो दिवसातून कितीदा तरी विचारला गेला होता, आणि दर वेळी तिने त्या प्रश्नाच्या तोंडात चमचा घातला होता.

बसमध्ये तिने स्वतःला बजावून पाहिलं की हे मुद्दाम नव्हतं. चूक होती, धांदलीतली चूक. मग तिला आठवलं की त्याच महिन्यांत दवाखान्यात ती एकाही पेशंटच्या बाबतीत चुकली नव्हती. कोणाचा ‘भा’ आणि कोणाचा ‘भू’ तिने बरोबर ओळखला होता. चूक फक्त घरी होत होती आणि फक्त एकाच शब्दाला होत होती. तिला तो शब्द ऐकायचा नव्हता. ऐकला असता तर उत्तर द्यावं लागलं असतं. खिडकीकडे तोंड करून ती रडली, आणि शेजारच्या बाईने समजूतदारपणे पिशवी मांडीवर घेऊन तिला जागा करून दिली.

वहिनी स्वयंपाकघरात दुधात केळं कुस्करत होती. बेबीने पर्सही खाली ठेवली नाही.

“वहिनी, बाबा भूक म्हणत नव्हते.”

“मग काय म्हणत होते?”

बेबीने सांगितलं. वहिनीचा चमचा थांबला. तिने वाटी ओट्यावर ठेवली आणि तिथेच, फरशीवर, भिंतीला टेकून बसली.

“रोज?” तिने विचारलं.

“रोज.”

“सकाळी उठल्यावर म्हणतात, तेव्हाही?”

“तेव्हाही.”

 या खेपेला वहिनी न्हाणीघरात गेली नाही, नळ सोडला नाही. तिथेच पदराने तोंड दाबून रडली. “आणि मी त्यांच्यासमोर ताटं आपटत होते,” ती म्हणाली. “मला वाटलं, विसरले. मला वाटलं, ह्यांची आठवण आता मला एकटीलाच.”

“माझी चूक झाली, वहिनी.”

“चूकबिक राहू दे. आधी त्यांना सांग.”

“डॉक्टर म्हणाले होते की...”

“डॉक्टर गेले उडत,” वहिनी म्हणाली. तिच्या तोंडून बेबीने असं कधी ऐकलं नव्हतं. “तो माणूस महिनोन्महिने मुलाची चौकशी करतोय आणि आपण त्याला केळी चारतोय. याहून मोठा धक्का कोणता द्यायचा राहिलाय?”

बाबा खिडकीपाशी खुर्चीत होते. संध्याकाळचं ऊन त्यांच्या मांडीवरच्या शालीवर आलं होतं. बेबी समोर स्टुलावर बसली. वहिनी दारात उभी राहिली, ओट्यावरची वाटी सवयीने हातात घेऊन.

“बाबा, थोडे प्रश्न विचारते. हे घर आपलं आहे?”

बाबांनी मान उभी हलवली.

“मी तुमची सून आहे?”

बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मुलगी कामाला गेली आणि भ्रमिष्ट होऊन आली, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मान आडवी हलली.

“तुम्ही डॉक्टर होतात?”

आडवी. आणि ओठांच्या चांगल्या कोपऱ्यात हसू सुद्धा.

“तुम्हाला आत्ता भूक लागली आहे?”

आडवी. हसू गेलं. कुठेच गल्लत नव्हती. कधीच नव्हती.

बाबांनी डावा हात उचलला, मान वर केली. “भ...”

बेबीचे ओठ आपोआप पुढे आले. इतक्या वर्षांची सवय, ती कशी जाणार? तिने ओठ दातांखाली घेतले. हात गुडघ्यांवर दाबून धरले. बाबा थांबले, टेकूची वाट बघत. टेकू आला नाही. त्यांच्या कपाळावर आठी पडली, ते पुन्हा सुरुवातीपासून निघाले. “भ... भा...” जबडा थरथरायला लागला. मानेची शीर फुगली. हे बघत स्वस्थ बसायचं म्हणजे बुडणाऱ्या माणसाला काठावरून बघत राहायचं, असं बेबीला वाटलं. गप्प बसायला काय लागतं, हे तिला त्या खुर्चीसमोर कळलं. दारातून वहिनीच्या श्वासाचा आवाज येत होता. रस्त्यावर कोणीतरी कोणालातरी हाक मारली. बाबांनी डोळे मिटले.

“भा...ऊ,” ते म्हणाले.

शब्द बाहेर पडल्यावर त्यांनी डोळे उघडले. आणि मग, एकदाची वाट सापडल्यासारखा, तो सरळ आला. “भाऊ.”

आता बोलायची पाळी बेबीची होती. तिने तोंड उघडलं. “भाऊ,” ती म्हणाली, आणि पुढचा शब्द येईना. येतच होता, येऊन अडत होता. बाबा तिच्या तोंडाकडे बघत थांबले. घाई नाही, खूण नाही. झटक्याआधी कारखान्यात जोडाला लावलेला सरस सुकायची वाट बघत बसायचे, तसे.

“भाऊ गेला, बाबा.”

हेच क्रियापद तिने आधीही वापरलं होतं. भाऊ बाहेरगावी गेलाय, असं. या वेळी तिने बाहेरगाव त्यात घातलं नाही, एवढाच काय तो फरक. बाबांना तो फरक कळला. ते दचकले नाहीत. त्यांनी दाराकडे पाहिलं, वहिनीकडे, आणि डावा हात तिच्याकडे पुढे केला. वहिनी आली, वाटी खिडकीत ठेवून त्यांच्या पायाशी बसली, आणि तिने तो हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांना पुसता येईना, कारण चांगला हात एकच होता आणि तो सुनेच्या डोक्यावर होता. बेबीने ते पुसलं.

पुष्कळ वेळाने बाबा म्हणाले, “क...”

आपल्या भाषेतले सगळे प्रश्न ‘क’पासूनच निघतात. कधी, कसा, कुठे. का. बहुतेकांची उत्तरं बेबीजवळ होती, एकाचं नव्हतं. तिला कुठलाही टेकू देता आला असता, सोयीचा. ती थांबली.

“क...धी?”

“तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हाच,” बेबी म्हणाली. “कारखान्यात. काम करता करता. तुम्ही घरी यायच्या आधीच, बाबा.”

बाबा हे मनात जुळवत बसले. घरी आले तो दिवस, खालचं बंद शटर, शाळेची बाकं, मधले सगळे दिवस. ते चेहऱ्यावरून एकेक जाताना दिसत होतं. मग त्यांनी वहिनीच्या डोक्यावरचा हात उचलला. बोट स्वतःच्या छातीला लावलं.

“भाऊ,” ते म्हणाले.

मग तेच बोट बेबीकडे केलं. त्यात राग नव्हता. शेवटी एकदाचं समजलं आणि आता समोरच्यालाही समजावून द्यावं, एवढंच होतं. त्यांनी ओठांचा नीट चंबू केला.

“भूक,” ते म्हणाले.

पुन्हा स्वतःकडे बोट, “भाऊ.” पुन्हा तिच्याकडे, “भूक.”

“हो, बाबा,” बेबी म्हणाली.

‘भूक’ हा शब्द त्यांनी टेकूशिवाय, पुरा आणि स्वच्छ, त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारला.